घड्याळ कोणासाठी थांबले?

महासाथीनंतर न्यायालये कशी सावरली, याची जी कथा आज सांगितली जाते तिचा नायक पडदा आहे. दूरदृश्य सुनावणी, ई-फायलिंग, थेट प्रक्षेपण. ही कथा खोटी नाही, अपुरी आहे. आणि अपुरी असल्यामुळेच फसवी ठरते. साथीत न्यायालयापुढचा कठीण प्रश्न जागेचा नसतो, काळाचा असतो.

जागा बदलण्याची युक्ती तर जुनीच. १६२५ च्या प्लेगमध्ये लंडनची न्यायालये रीडिंगला हलली, १६६५ च्या प्लेगमध्ये ऑक्सफर्डला. तिथे संगणक नव्हते, तरी काम चालले.

भारतातील १८९७ चा अनुभव याहून बोलका आहे. त्या वर्षीच्या साथरोग अधिनियमाचे कलम ४ सांगते की, या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणाहीविरुद्ध दावा वा कारवाई चालणार नाही. पुण्यात तपासणीसाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले. पण दाद मागायचे दार कायद्याने आधीच लोटून घेतले होते. त्याच वर्षी सरकारला मात्र न्यायालय हवे तेव्हा मिळाले. ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना जुलैअखेर अटक झाली आणि सप्टेंबरच्या मध्याला मुंबई उच्च न्यायालयात १८ महिन्यांची शिक्षाही झाली. प्लेगच्या वर्षातही घड्याळ एका पक्षासाठी उत्तम चालत होते.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे केले, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. २३ मार्चला स्वतःहून दखल घेऊन त्याने दावे व अपिलांची मुदत १५ मार्चपासून थांबवली. पुढे हा थांबा २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत लांबला, आणि त्या काळात ज्यांची मुदत संपली त्यांना १ मार्चपासून ९० दिवस मिळाले. वकिलाच्या कचेरीपर्यंत पोहोचू न शकलेल्या सामान्य पक्षकाराला कुठल्याही पडद्याने दिला नसेल एवढा आधार या एका आदेशाने दिला.

पण थांबलेले घड्याळ तुरुंगाच्या भिंतीवर टांगले की त्याचा अर्थ उलटतो. ६० किंवा गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने वरील आदेशाचा आधार घेऊन म्हटले की, पोलिसांचीही मुदत थांबली आहे. म्हणजे तपास घरी बसणार आणि आरोपी आत! १९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. टाळेबंदीची तुलना आणीबाणीशी करणेही चूक असल्याचे त्याने बजावले. महासाथीतील न्यायालयांचा इतिहास लिहिताना पहिले पान या निकालाला मिळायला हवे. बहुतेक लेखांत त्याचा उल्लेखही नसतो.

यावर पडद्याचे समर्थक म्हणतील की, दूरदृश्य सुनावणीने प्रवास वाचला, खर्च वाचला. वाचला, यात शंका नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, तेही योग्यच. प्रश्न एवढाच की, सावरण्याचे माप कोणाच्या सोयीवरून घ्यायचे?

२०२० मध्ये तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी उच्चाधिकार समित्यांच्या शिफारशींवरून कैदी तात्पुरते सोडले गेले. ती सुटका कैद्यांवरचा उपकार नव्हती. गच्च भरलेल्या कोठड्यांत साथ आवरणे राज्याला जमणार नव्हते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १५ दिवसांत परत हजर होण्यास सांगितले. हरियाणातील एका कैद्याने विचारले होते की, हा बाहेरचा काळ शिक्षेत धरणार का? त्याच महिन्यात उत्तर आले: धरता येणार नाही.