कवटी हवी? मग हात भरतील!



समजा, सेलू तालुक्यात हिंगणीच्या बाजूला तुमच्या मामाचं वावर आहे. धुऱ्यावरून चालता चालता पायाला काहीतरी टणक लागतं. वाकून पाहता, तर पांढरीफटक कवटी! तीही शिंगांसकट! पहिला विचार काय येईल? ‘उचलू, घरी नेऊ, भिंतीवर टांगू!’ खरं ना?

हा विचार जुनाच आहे. जर्मनी, ऑस्ट्रियाकडचे पुष्कळ शिकारी हरणाच्या मुंडक्यात पेंढा भरत नाहीत. ते सगळं मांस काढून कवटी स्वच्छ करतात आणि शिंगांसकट लाकडी फळीवर बसवतात. म्हणून या पद्धतीला ‘युरोपियन’ म्हणतात. आपल्याकडेही राजेरजवाड्यांच्या नि इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत शिकारीच्या अशा खुणा टांगलेल्या असत.

पण मामाच्या धुऱ्यावरची ती कवटी चितळाची, सांबराची किंवा रोह्याची असेल, तर तिला हातही लावू नका. १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यानुसार रानातल्या प्राण्याचं हाड, कातडं, नख, शिंग हे सगळं सरकारी मालमत्ता समजलं जातं. हरणाचं आपोआप गळून पडलेलं शिंगसुद्धा! चुकून हाती आलंच, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुम्ही म्हणाल, ‘आम्ही कुठं मारलं? पडलेलंच तर उचललं!’ पण हेच उत्तर चोरटा शिकारीही देईल. मग खरं कोण नि खोटं कोण, हे कसं ओळखायचं? शिवाय हिंगणीजवळच बोरचं जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. तिथं पडलेल्या हाडांनाही गिऱ्हाईक असतं बरं का! साळिंदर रात्री येऊन ती कुरतडतं. त्याचे सतत वाढणारे दात त्याने झिजतात आणि पोटात चुनाही जातो.

मग कवटी पाहायचीच नाही का? पाहायची की! बोकडाची पाहा. ओळखीच्या खाटकाला सांगा, की मुंडकं न फोडता द्या. गोठ्यात किंवा रस्त्यावर मेलेल्या जनावराचं मात्र घेऊ नका. एकाएकी मेलेल्या ढोराला फाशी हा रोग झालेला असू शकतो. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही होतात. अशा ढोराला हात न लावता गुरांच्या डॉक्टरांना बोलवायचं.

आता कृती. कापाकापी मोठ्या माणसांनी करायची. हातात रबरी मोजे हवेतच. आधी कातडी, जीभ, डोळे आणि निघेल तेवढं मांस काढायचं. मेंदू मागच्या मोठ्या भोकातून काडीने ढवळून, पाण्याने धुऊन काढायचा. मग झाकणाच्या बादलीत साधं पाणी घेऊन कवटी नि खालचा जबडा त्यात पूर्ण बुडवायचा. झाकणावर दगड ठेवायचा, म्हणजे कुत्रं पाडणार नाही. बादली घरापासून आणि विहिरीपासून लांब हवी.

पुढचं काम डोळ्यांना न दिसणारे मजूर करतात. ते म्हणजे पाण्यातले जीवाणू. ते उरलेलं मांस खातात. जितकी ऊन हवा, तितका त्यांचा झपाटा जास्त. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हे काम लवकर उरकतं, हिवाळ्यात रेंगाळतं. पाणी बदलताना सगळं ओतू नका, थोडं जुनं राहू द्या, नाहीतर आपले मजूरच वाहून जातील! आणि ओतताना जुन्या फडक्यातून गाळा, कारण सुटे झालेले दात त्यात असतात. ते घाण पाणी खड्ड्यात ओतून वर माती लोटायची.

“एवढे दिवस कशाला? उकळून टाकू,” असं कोणी म्हणेल. नको! उकळलं की चरबी हाडात मुरते आणि पुढे कवटी पिवळी पडते. नाकातली कागदासारखी पातळ हाडंही तुटतात. चरबी काढायला कोमट पाणी नि भांड्यांचा साबण पुरे. पाणी गढूळ झालं की बदलत राहायचं. पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड मोठ्या माणसांनी वापरावं. ब्लीचिंग पावडर मात्र अजिबात नको, ती हाडच खाते. शेवटी कवटी सावलीत वाळवायची. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत तर या कामासाठी खास भुंगेरे पाळतात. ते हाडावरचं सुकं मांस चाटूनपुसून फस्त करतात!

आता खरी अडचण. या बादलीला वास येतो, आणि तोही भयंकर! मग मनात येतं, ‘हे आपण कशाला करायचं? कोणाला तरी सांगू, आपण नंतर स्वच्छ कवटी घेऊ.’

इथं जरा थांबा. आपल्या देशात शेकडो वर्षं असंच तर चाललं होतं! दूध पिणारा एक, बैल जुंपणारा एक, आणि मेलेलं ढोर ओढायला मात्र गावाबाहेर राहणारा दुसराच. वर त्यालाच अस्पृश्य म्हणायचं! १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेल्या जनावरांचं मांस सोडून द्या, असं बजावलं. सवर्णांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत, असंही त्या परिषदेने म्हटलं. ज्यांच्यावर काम लादलं होतं, त्यांनी ते नाकारलं. बरोबरच केलं.

मग पुढे १९३०च्या दशकात आपल्या वर्ध्याजवळच नालवाडीला एक वेगळा प्रयोग झाला. गोपाळराव वाळुंजकर यांनी तिथं चर्मालय चालवलं. कातडं घ्यायचं ते आपोआप मेलेल्या जनावराचंच, असा त्यांचा कटाक्ष होता. मेलेल्या ढोराचं काहीच वाया जाऊ नये, कातड्याचे जोडे व्हावेत आणि हाडांचं खत व्हावं, हा गांधीजींचा आग्रह होता. आश्रमातल्या माणसांनी हे काम शिकावं, त्यात कमीपणा मानू नये, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणून आपल्या सदराचा नियम एकच. कवटी तुम्हाला हवी, तर बादलीही तुम्हीच धुवायची! आईबाबांनो, घरच्या कामवाल्या मावशींना किंवा शाळेच्या शिपाईकाकांना हे सांगू नका. मुलांबरोबर तुम्हीच नाकाला रुमाल बांधून बसा.

कवटी तयार झाली की वाचायला घ्या. बोकडाला वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही! तिथं नुसती कडक हिरडी होती. खाली पुढे ८ दात, आणि दाढा वर १२, खाली १२. एकूण ३२. गाळलेले दात मोजून पाहा, हिशेब जुळतो का! डोळ्यांच्या खोबण्या बाजूंना आहेत, कारण चरताना मागून कोण येतंय ते दिसायला हवं. बिबट्याच्या खोबण्या समोर असतात. त्याला सावजावर झेप नेमकी घ्यायची असते ना! शिंग टोपीसारखं निघून आलं तर घाबरू नका. बोकड, गाय, रोही यांचं शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढवलेलं टोपण. चितळ-सांबराचं शिंग मात्र भरीव हाडच असतं. ते दर वर्षी गळतं नि नवं येतं.

शेवटचं काम म्हणजे चिठ्ठी. प्राणी कोणता, नर की मादी, गाव कोणतं, तारीख काय, एवढं लिहून कवटीला दोऱ्याने बांधा. शिकाऱ्याच्या भिंतीवर, फळीखाली बहुतेक वेळा शिकाऱ्याचं नाव असतं. तुमच्या चिठ्ठीवर बोकडाची हकिगत असेल. मग ती कवटी शाळेच्या प्रयोगशाळेत द्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांनाही दात मोजता येतील.