आधी न्हाणीघर, मग गिझर

जुने घर दुरुस्तीला काढले की फरशी, रंग, खिडक्यांच्या जाळ्या यांवर घरातली सगळी माणसे तावातावाने बोलतात. पाणी तापवण्याचा विषय मात्र सर्वांत शेवटी निघतो. प्लंबर दारात उभा राहून "गिझर कुठं लावायचा?" म्हणून विचारतो, तेव्हा. तोवर टाइल्स लागलेल्या असतात, वायर भिंतीत गाडून वर प्लास्टर झालेले असते. मग उरलेल्या कोपऱ्यात जे बसेल ते बसवले जाते. आमच्या निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. फज्रला उठणाऱ्या वयस्कर माणसांना त्या पाण्याने वुजू करायचा असतो. तिथे हा विषय पहिला हवा.

आमचे सासरचे घर धाब्याचे. यंदा मागची पडकी बाजू उतरवून तिथे स्लॅबचे न्हाणीघर बांधायला घेतले आहे. आजवर सगळी भिस्त तांब्याच्या बंबावर होती. बंबाला मी नावे ठेवणार नाही. वीज जाऊ दे, सिलिंडर संपू दे, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मधल्या नळीत टाकल्या की पाणी कढत. पण तो पेटवायला सगळ्यांच्या आधी उठायचे कोणी, हे घराघरात ठरलेले असते, आणि ती व्यक्ती पुरुष नसते. शिवाय अम्मींचे डोळे आता धूर सोसत नाहीत.

माझ्या दिरांचा आग्रह गॅस गिझरचा. "भाभी, स्वस्त पडतो, नळ सोडला की गरम पाणी, लाइट नसली तरी चालतो." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अडचण वेगळीच आहे आणि ती दुकानात कोणी नीट सांगत नाही. गॅस गिझरची ज्योत खोलीतलाच प्राणवायू वापरते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला आधी डोके जड वाटते, मग हातापायातले बळ जाते आणि कडीपर्यंत पोहोचणेही होत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या आपण वाचतो.

इथे दुरुस्तीचा संबंध येतो. जुन्या न्हाणीला फळ्यांचे दार असते, त्याला बोटभर फटी. वर कौले किंवा पत्रा, मोरीचे भोक थेट बाहेर. वारा चहूकडून खेळतो. आपण ती पाडतो आणि स्लॅब, टाइल्स, घट्ट बसणारे दार, काचेची खिडकी अशी चकचकीत खोली बांधतो. थंडीत खिडकीही लावून घेतो. म्हणजे जो गिझर जुन्या न्हाणीत कित्येक वर्षे बिनबोभाट चालला, तोच नव्या खोलीत जीव घेऊ शकतो. "एक्झॉस्ट फॅन आहे ना" हेही उत्तर नव्हे. चहूबाजूंनी बंद खोलीत फॅन हवा ओढतो, तेव्हा बाहेर जाणारा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. गॅस गिझर घ्यायचाच तर तो बाहेर, मोकळ्या पडवीत टांगावा, आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. तशी जागा नसेल तर गॅसचा विचार सोडून द्यावा. या बाबतीत मी घरात कोणाचे ऐकले नाही.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. थंडीतले २० अंशांचे पाणी अंघोळीजोगे ४२ अंशांवर न्यायचे, तर २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट वीज लागते. सहा माणसांना तीन युनिट. तेवढ्याच बादलीला गॅस लागतो पन्नासेक ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेहून जास्त बादल्या. आपापल्या दराने गुणून पाहा.

विजेचा गिझर घेताना लोक स्टार पाहतात, वायर पाहत नाहीत. २००० वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. जुन्या घरातली दिव्यापंख्याची वायर त्यापुढे टिकत नाही. मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचे सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरेखुरे अर्थिंग हवे. खरेखुरे म्हणते, कारण जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्यामागे कित्येकदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा. स्टारचे म्हणाल, तर टाकीत नुसते साठून राहिलेले पाणी किती उष्णता गमावते हे ते दाखवतात. अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घराला त्याचा फायदा थोडा, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला मोठा.

आणि सोलर. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. सांगाडा वेगळा, आणि त्याहून उंचावर ठेवायची गार पाण्याची टाकी वेगळी. धाब्याच्या तुळयांवर हे ठेवणे म्हणजे छत अंगावर घेणे. आमच्याकडे नवा स्लॅब होतो आहे म्हणूनच हा पर्याय खुला झाला, आणि गवंड्याला तो आधी सांगितला म्हणून पिलर त्या हिशेबाने आले. दिवसभर तापलेले पाणी रात्री कोणी उपसले नाही, तर पहाटे वुजूला चांगले गरम मिळते. जुम्याला मात्र दुपारआधी सगळ्यांची अंघोळ असते, त्या दिवशी शेवटच्या माणसाने तक्रार करू नये. बोअरचे पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार साचतात. अशा वेळी हीट एक्स्चेंजरचा फ्लॅट प्लेट सोलर महाग असला तरी बरा.

शेवटी आम्ही सोलर घेतला आणि ढगाळ दिवसांसाठी १५ लिटरचा विजेचा गिझर. बंब अंगणात राहील, अम्मींची तेवढी अट होती. न्हाणीघर बरोबर टाकीखाली घेतले आहे. पंधरा मीटर लांबची नळी असली तर गरम पाणी यायच्या आधी चारेक लिटर गार पाणी मोरीत जाते. प्लंबरच्या यादीत सगळीकडे पांढरा यूपीव्हीसी पाइप लिहिला असेल, तर गरम पाण्यापुरती ती ओळ खोडायला लावा. तिथे फिकट पिवळसर सीपीव्हीसीच हवा, आणि हे टाइल्स लागण्याआधी.