चारित्र्याचे धडे सरावातच: लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांविषयी

उत्तर अमेरिकेतील शालेय खेळांविषयी पालकांमध्ये एक समजूत रूढ आहे, ती अशी की प्रशिक्षकाने मुलांना खेळाचे कौशल्य शिकवावे आणि सचोटी, संयम, प्रतिस्पर्ध्याविषयीचा आदर हे गुण घरच्या संस्कारांतून, फार तर सरावानंतरच्या चार उपदेशाच्या शब्दांतून यावेत. लॅक्रॉसचे प्रशिक्षण जवळून पाहिले तर ही वाटणी टिकत नाही. टोकाला जाळी लावलेल्या काठीने रबरी चेंडू झेलत, फेकत आणि वाहून नेत प्रतिपक्षाच्या सहा फूट रुंद व सहा फूट उंच गोलात घालायचा, असा हा खेळ आहे. मेरीलँडने 2004 मध्ये त्याला राज्याचा सांघिक खेळ म्हणून मान्यता दिली, आणि त्या परिसरात वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलांच्या हातीही ही काठी शाळेच्या वयातच येऊ शकते, त्यामुळे प्रशिक्षक नेमके काय शिकवतो हा प्रश्न मराठी पालकांचाही आहे.

त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘ग्राउंड बॉल’मध्ये, म्हणजे जमिनीवर मोकळा पडलेला चेंडू ताब्यात घेण्यात. नवशिका खेळाडू चेंडूजवळ येऊन थबकतो, ताठ उभा राहूनच काठी टाकतो आणि चेंडू जाळीखाली दाबून स्वतःकडे ओढू पाहतो, आणि तेवढ्यात दुसराच कोणी तो उचलून पळालेला असतो. जाणता प्रशिक्षक त्याला गुडघे वाकवायला, मागचा हात जमिनीलगत आणायला, धावण्याचा वेग न मोडता जाळी चेंडूखालून सरकवायला आणि चेंडू आत येताच काठी कानाजवळ घेऊन अंगाने तिची राखण करायला शिकवतो. या कामाला प्रेक्षकांच्या टाळ्या क्वचितच मिळतात, वाकलेल्या अवस्थेत धक्का बसण्याचीही शक्यता असते, तरीही चेंडू कोणाकडे राहणार हे पुष्कळदा तिथेच ठरते. म्हणून जो प्रशिक्षक गोल करणाऱ्याच्या आधी त्याला चेंडू उचलून देणाऱ्याचे नाव घेतो, तो प्रसिद्धीविना केलेल्या कामाचे मोल मुलांच्या मनावर ठसवतो, आणि त्यासाठी त्याला वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

‘स्लाइड’चेही तसेच आहे. सहकाऱ्याला चकवून आक्रमक पुढे निसटला की बचाव करणाऱ्या दुसऱ्या खेळाडूने आपला प्रतिस्पर्धी सोडून त्याच्या आडवे जायचे, याला स्लाइड म्हणतात. आपण सोडलेली जागा तिसरा कोणीतरी भरून काढील असा भरवसा असल्याखेरीज कोणीही आपली जागा सोडत नाही, आणि तो भरवसा मैदानावर मोठ्याने, सतत आणि नेमके बोलण्याच्या सवयीतूनच तयार होतो. मुलांच्या खेळात रागाच्या भरात काठीने फटका मारणाऱ्याला 1 ते 3 मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन लढतो, म्हणजे एकाच्या संतापाची किंमत सगळे मोजतात. अननुभवी प्रशिक्षक अशा वेळी पंचांवर चिडतो, तर अनुभवी प्रशिक्षक त्या मुलाशेजारी बसून पुढच्या वेळी पाय कसे हलवायचे, म्हणजे काठी उगारण्याची वेळच येणार नाही, हे समजावतो. तंत्र आणि संयम हे दोन वेगळे धडे नाहीत, हे इथे स्पष्ट दिसते.

ही दृष्टी खेळाच्या मुळातच आहे. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी 1867 मध्ये नियम लिहून काढले, त्याच्या कितीतरी आधीपासून मोहॉक, ऑनोंडागा, सेनेका आदी सहा राष्ट्रांचा हॉडेनोशोनी संघ लॅक्रॉसकडे सृष्टिकर्त्याने दिलेला आणि रोग्याला बरे करणारा खेळ म्हणून पाहत आला आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या 1957 मधील अपराजित संघाचे गोलरक्षक आणि पुढे ऑनोंडागांचे धर्मरक्षक झालेले ओरेन लायन्स यांनी 1983 मध्ये या राष्ट्रांचा स्वतंत्र संघ उभारण्यात पुढाकार घेतला. 2022 च्या वर्ल्ड गेम्समधून तोच संघ सुरुवातीला वगळला गेला, तेव्हा आयर्लंडने 2020 मध्ये स्वतःची जागा त्याच्यासाठी सोडली. मुलांना प्रतिस्पर्ध्याचा आदर समजावताना याहून चांगले उदाहरण प्रशिक्षकाला शोधावे लागणार नाही.

यावर आक्षेप असा की खेळाने चारित्र्य घडतेच असे नाही, आणि तो आक्षेप खरा आहे. 2010 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस संघातील एका खेळाडूची हत्या तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने केली, आणि तो त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघात खेळत होता. वर्षानुवर्षांच्या सरावाने माणूस सुधारतोच, असे या घटनेनंतर कोणालाही म्हणता येणार नाही. प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम मात्र मोजता येतो. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी एक अभ्यासक्रम आखला, ज्यात चुकीवर शिक्षेऐवजी धीर आणि सूचना द्यायला शिकवले जाई. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांची 26 टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण केवळ 5 टक्के होते, आणि दोन्ही गटांच्या विजयांत फरक नव्हता. म्हणजे निव्वळ अनुभवाची वर्षे पुरेशी नाहीत, आणि वर्षानुवर्षे ओरडत आलेला प्रशिक्षक ओरडण्यातच तरबेज होतो.

प्रशिक्षकांनी स्वतःला आवर घातल्याचा एक दाखला इथे महत्त्वाचा आहे. विद्यापीठे आठवी-नववीतल्या मुलांकडून प्रवेशाची तोंडी वचने घेऊ लागली, तेव्हा पुरुष आणि महिला संघांच्या प्रशिक्षक संघटनांनीच त्याला विरोध केला, आणि 2017 मध्ये अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपूर्वी अशी बोलणी करण्यावर बंदी आली. पालकांनी मात्र क्लब निवडताना अजूनही किती मुले नामांकित विद्यापीठांत पोचली याचाच हिशेब पाहिला, तर या निर्णयाचा अर्धा उपयोग वाया जातो. त्यापेक्षा एखाद्या सरावाला तासभर उभे राहून, चेंडू हातचा गेलेल्या मुलाशी प्रशिक्षक काय बोलतो आणि राखीव खेळाडूंना किती वेळ खेळू देतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. लहान गटांच्या सामन्यांत पंच म्हणून अनेकदा हायस्कूलचीच मुले उभी असतात. कडेला उभे राहून त्यांच्यावर ओरडणारे पालक प्रशिक्षकाची आठवडाभराची मेहनत पाण्यात घालतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या बैठकीत प्रशिक्षकाने मुलांइतकेच पालकांनाही नियम सांगावेत आणि पालकांनी ते पाळावेत.