खिडकी, गवंडी आणि भाषाशुद्धी

परका शब्द शिरला की भाषा तेवढी गरीब होते, असे मानणारे युरोपात होते आणि आपल्याकडेही आहेत. बांधकामाचे शब्द नीट पाहिले तर हे मत टिकत नाही. हे शब्द पंडितांच्या कोशातून येत नाहीत. ते गवंडी-सुतारांच्या तोंडून येतात, आणि येताना बहुधा एखादे नवे कसब सोबत आणतात. खिडकीची युरोपातली नावे हेच सांगतात.

चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले. संत पौलाला दमास्कसच्या तटातल्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडले, त्या ठिकाणी तो खिडकीला 'औगदौरो' म्हणतो, म्हणजे डोळ्याचे दार. जुन्या इंग्रजीत तिला डोळ्याचे भोक म्हणत. त्यातला भोकाचा तुकडा आजच्या 'नॉस्ट्रिल'मध्ये, म्हणजे नाकपुडीत, अजून तगून आहे. रशियन-पोलिश 'ओक्नो'मध्येही डोळा या अर्थाचा 'ओको' आहे, आणि उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा 'विंदौगा' म्हणजे वाऱ्याचा डोळा. ही नावे बिनकाचेच्या खिडकीची आहेत. लाकडी घराच्या भिंतीत किंवा छपरात एक उघडे छिद्र, त्यातून धूर बाहेर जायचा, उजेड आणि वारा आत यायचा. आपल्या 'वातायन' आणि 'गवाक्ष' या शब्दांतही वारा आणि डोळा आहेत, आणि फ्रेंच कारागीर गोल खिडकीला बैलाचा डोळाच म्हणतात. म्हणून कुणी कुणाकडून शब्द उचलला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. भिंतीतले भोक पाहून डोळा आठवणे कुठल्याही माणसाला सुचू शकते.

उसनवारी खरी दिसते ती जर्मनमध्ये. तिथे डोळ्याचे दार गेले आणि लॅटिन 'फेनेस्त्रा'वरून 'फेन्स्टर' आला. तो एकटा आला नाही. दगडी भिंतीचा 'माउअर', विटेचा आणि कौलाचा 'त्सीगल', चुन्याचा 'काल्क', तळघराचा 'केलर' हे सगळे लॅटिनमधूनच आले. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. 98 च्या सुमारास लिहितो, की जर्मन टोळ्या दगड आणि कौले वापरतच नाहीत. जे घरात नव्हते त्याला शब्द तरी कुठून असणार? उलट भिंतीचा दुसरा शब्द 'वांड' अस्सल घरचा राहिला. विणणे, गुंडाळणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते जोडले जाते, म्हणजे मुळात ती फांद्या विणून मातीने लिंपलेली कुडाची भिंत. कुडाला घरचा शब्द, दगडाला पाहुणा शब्द! ज्या लॅटिनने हे सारे दिले, तिचा 'फेनेस्त्रा' तरी मूळचा तिचा आहे का? तो एट्रुस्कनांकडून आला असावा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे.

यावर इंग्रजीचा आक्षेप रास्त आहे. 1066 नंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन धनी आले, भव्य दगडी चर्चे उठली, फ्रेंच वळणाचा 'फेनेस्टर' सोळाव्या शतकापर्यंत वापरातही होता. तरी टिकला तो व्हायकिंगांच्या, म्हणजे त्याच नॉर्स लोकांच्या, वाऱ्याच्या डोळ्यापासून झालेला 'विंडो'. आयर्लंडनेही नॉर्स शब्दच घेतला, वेल्सने मात्र लॅटिन. म्हणजे शब्दाची वाट एकटे तंत्र ठरवत नाही, शेजारही ठरवतो. व्हायकिंग इंग्लंडमध्ये लुटायला आले खरे, पण पुढे तिथेच शेती करून राहिले, इंग्रजांशी सोयरिकी केल्या. रोजच्या घरातला शब्द अशा सहवासातून रुजतो. कसब असो वा शेजार, शब्द माणसांबरोबर चालत येतो, एवढी दुरुस्ती मी माझ्या मुद्द्यात आनंदाने करतो.

मग भाषाशुद्धीचा खटाटोप व्यर्थच का? तसेही नाही. सतराव्या शतकातल्या फिलिप फॉन त्सेसेनने घडवलेले काही शब्द जर्मन माणूस आजही सहज वापरतो. पण 'फेन्स्टर' हटवण्यासाठी त्याने सुचवलेला 'टागेलॉइख्टर', म्हणजे दिवसाचा दिवा, रुजला नाही. पिढ्यान्‌पिढ्या सुताराच्या तोंडी असलेल्या शब्दाला पर्याय देऊन काय साधणार होते?

उसना शब्द म्हणजे सगळेच उसने, असेही नव्हे. पोर्तुगीजमध्ये 'फेनेस्त्रा' आकसून फटीचा अर्थ देणारा 'फ्रेस्ता' झाला आणि खिडकीला लॅटिन दारावरून 'जानेला', म्हणजे छोटे दार, हे नाव पडले. तेच गोव्यात कोकणीत 'जनेल' झाले. पण गोव्याच्या जुन्या घरांतल्या त्या जनेलांत काचेच्या जागी लाकडी पट्ट्यांमध्ये बसवले जात ते चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे. त्यांतून उजेड आत येई, ऊन मात्र मवाळ होऊन येई. नाव लिस्बनच्या भाषेतले, पण तावदान इथल्या समुद्राचे आणि ते बसवणारा हात इथल्या सुताराचा.