वाचून राहिला!

पुण्याकडची मंडळी आमच्या नागपुरी ‘करून राहिला’ला हसतात. मी स्वतः मराठीचा मास्तर. हे रूप प्रमाणभाषेत बसत नाही म्हणून आजवर किती पेपरांवर तांबडी रेघ मारली असेल, देव जाणे! पण गेल्या जूनमध्ये त्याच क्रियापदापुढे हात जोडण्याची पाळी आली.

प्रवेशाचा शेवटचा दिवस. मुदत पाचची, आणि साडेतीनलाच महाविद्यालयाच्या सर्व्हरने मौन धरले. बंद म्हणावे तर चालू. चालू म्हणावे तर पावती देईना. भामरागडकडून आलेली एक मुलगी वडिलांसह भिंतीला टेकून उभी होती. गणेशपेठेहून त्यांची परतीची गाडी संध्याकाळची.

‘‘बंद करून पुन्हा चालू करा,’’ कार्यालयातून सल्ला आला. मलाही तो पटला होता. पण मदतीला बोलावलेला माझा भाचा ऐकेना. ‘‘मामा, तासाभराने पुन्हा अडकेल, मग काय कराल? पाच मिनिटे द्या. तो काय करून राहिला, ते त्यालाच विचारू.’’

विचारायचे ते ‘एसट्रेस’ नावाच्या साधनाने. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ साली ते सन कंपनीच्या प्रणालीसाठी लिहिले; पुढे ते लिनक्सवर आले. सारा कारभार आपल्या कचेरीसारखाच. कोणत्याही प्रोग्रॅमला स्वतः फाइल उघडता येत नाही, की दुसऱ्या यंत्राशी बोलता येत नाही. दर वेळी कर्नल नामक साहेबाकडे अर्ज करायचा! अर्जांचे प्रकारही तीनशेहून अधिक. एसट्रेस साहेबाच्या दाराशी उभे राहून प्रत्येक अर्ज टिपते, आणि बरोबरच्या चिन्हापुढे साहेबाचे उत्तर.

सर्व्हरची बारा कामे चालू होती. भाच्याने एकेकाला एसट्रेस लावले. अकरा ठिकाणी तीच ओळ: ‘फ्लॉक’, कंस उघडलेला, मिटलेला नाही. म्हणजे नऊ क्रमांकाच्या फाइलीचे कुलूप मागितले आहे, उत्तर नाही. ती फाइल पावतीक्रमांकाची निघाली. बारावा मात्र वेगळा. त्याच्या पडद्यावर ‘रीड’, आणि तोही कंस उघडाच. कुलूप याच्याच हाती! पावतीची ईमेल पाठवण्यासाठी त्याने दुसऱ्या यंत्राला हाक घातली होती; ते यंत्र गप्प, आणि किती वेळ थांबावे हे याला कोणी सांगितलेच नव्हते.

‘‘वाचून राहिला बिचारा,’’ भाचा म्हणाला. ‘वाचतो’ म्हणावे तर अक्षर हाती नाही. ‘वाचले’ तर नाहीच. दुसरे कोणते रूप इथे बसेल, सांगा!

त्याने तेवढे एक काम मारले. ते मरताच कुलूप सुटले आणि उरलेली अकरा झरझर चालू लागली. मग ईमेलच्या थांबण्यावर दहा सेकंदांची मर्यादा घातली, आणि पावतीचे कुलूप आधी सोडायचे, पत्र मागाहून, असा क्रम लावला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्या मुलीची पावती निघाली. वडिलांनी ती चौघडी करून खिशात घातली, पुन्हा काढून पाहिली, आणि मला विचारले, ‘‘सर, गणेशपेठेचा ऑटो इथूनच मिळून राहिला का?’’

मी दोघांना फाटकापर्यंत पोचवून आलो.