सैल झालेली बांगडी

कर्करोगाच्या रुग्णाची बांगडी सैल झाली, की घरचे म्हणतात, ‘नीट जेवत नाही.’ वाचकहो, हा दोष रुग्णाचा नव्हे. आजाराने शरीरातील दाह वाढतो. चरबीची शिदोरी वितळते आणि स्नायूही झिजतात. म्हणून दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ६० किलोंमागे ३ किलोंहून जास्त, दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. मळमळ, तोंड येणे, बद्धकोष्ठता यांवर उपचार आहेत. दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे द्यावे: मऊ भातावर तूप, आमटीत दाण्याचे कूट, उकडलेले अंडे. झेपेल तेवढे चालवावे. घास नाकारला तर रागावू नये. तासाभराने पुन्हा प्रेमाने विचारावे.