दोन वाटा

मेळघाटच्या उत्तरेस, वऱ्हाडच्या सीमेलगत वसलेल्या धारणीहून दक्षिणेकडे पाहिलें तर पंढरीची वाट आहे, उत्तरेकडे पाहिलें तर नर्मदेची. दोन्ही पायीं चालावयाच्या; पण आयुष्याला उपमा द्यावयाची झाल्यास कोणती द्यावी, हा विचार आमच्या मनांत बरेच दिवस घोळत आहे.

वारीचा मुक्काम ठरलेला. आमच्याच जिल्ह्यांतील कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. ही प्रथा इ. स. १५९४ पासूनची मानितात. माहेरची लेक सासरीं निघावी, तसें तें निघणें. आषाढी एकादशी चुकवावयाची नाहीं, म्हणून रोजची मजल मोजलेली. कोणी थकला तर दिंडी त्याला सांभाळून नेते.

परिक्रमेचें तसें नाहीं. ओंकारेश्वरीं दक्षिण तीरावर संकल्प करावयाचा, नदी उजव्या हाताला ठेवून समुद्रापर्यंत जावयाचें, तेथें नावेनें पैलतीर गांठून अमरकंटकापर्यंत चालावयाचें, आणि उगमाला वळसा घालून पुनः निघाल्या ठिकाणीं यावयाचें. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर मिळून अडीच हजारांवर चाल. प्रवाह मध्यें कोठेंही ओलांडावयाचा नाहीं, चातुर्मासांत एके ठिकाणीं राहावयाचें. परंपरेचा काळ ३ वर्षें, ३ महिने, १३ दिवस. ओंकारेश्वराचें मंदिर बेटावर आहे, त्यामुळें शिखर समोर दिसत असतां देवाकडे पाठ करून निघावें लागतें. दर्शन शेवटीं. आम्हांस संसार याच वाटेसारखा वाटतो.

सुशिक्षित घरांत साठी उलटलेल्या वडिलांनीं परिक्रमेचा विषय काढला, कीं मुलें लगेच मोटार ठरवितात. गुडघे थकलेल्यांना ती योग्यच. पण पाय धड आहेत त्याला मोटारींतून काय मिळणार? जन्मभर देणारा हात तेथें अनोळखी दारीं भिक्षेसाठीं पुढें करावा लागतो. शूलपाणीच्या झाडींत पूर्वीं वाटसरू लुबाडले जात. धरणाच्या पाण्यानें तेथली जुनी वाट बुडाली, आणि त्याच मुलखांतील आदिवासी पाड्यांवर आज परिक्रमावासीयांना भाकर मिळते. ज्या हातचें पाणी आपल्या आजोबांनीं घेतलें नसतें, त्या हातची ही भाकर. (तिच्यासाठीं इतकें दूर जाणाऱ्यानें मेळघाटांतील कोरकूच्या ओसरीवर कधीं टेकून पाहिलें आहे काय, हें आम्ही विचारणार आहोंत.)

आणि आईंनीं असें म्हटलें तर? घरांत प्रथम हंशा होतो, मग दुपारच्या चहाचें कोण पाहील, हा प्रश्न निघतो. वास्तविक ही इच्छा वडिलांहून त्यांचीच जुनी असावयाची.

आमची सूचना एवढीच, कीं प्रकृति वैद्याला दाखवून एक वर्ष कौंडण्यपुरच्या दिंडीबरोबर चालून पाहावें. पाय टिकले, तर पुढल्या वर्षीं चातुर्मास उलटल्यावर कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हातीं देऊन निघावें. परत आल्यावर त्या मागूं नयेत.